बाळंतपणात सोबत कुणाला घेऊ?

‘ताई, मला आता आठवा महिना लागेल. पहिलंच बाळंतपण आहे. आमच्या हॉस्पिटलात लेबर रूममध्ये एका वेळी एकच माणूस सोबत थांबू शकतं, मध्ये माणूस बदललं तर चालतं. आई धरूनच चालली आहे की तीच असणार. ती फार प्रेमळ आहे, पण माझं नुसतं डोकं दुखलं तरी तिचे डोळे भरून येतात आणि मग मीच तिची समजूत घालते. नवऱ्याला मनापासून थांबायचं आहे, पण रक्त बघितलं की त्याला चक्कर येते. मोठ्या बहिणीची दोन बाळंतपणं झाली आहेत, ती धीट आहे, पण तिच्यापुढे माझं कधी काही चालत नाही. सासूबाई काहीच बोलत नाहीत, तेही मला टोचतं. मी कुणाला निवडू? आणि ज्यांना नाही म्हणायचं, त्यांना काय सांगू?’ – एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ‘मग मीच तिची समजूत घालते.’ तू ते सहज लिहून गेलीस, पण तुझ्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. कळा जोरात यायला लागल्या की दुसऱ्याची समजूत घालायला तुझ्यात ताकद उरणार नाही. उरली तरी ती तिकडे जाऊ नये.

कुणाचं नातं जवळचं, कुणी आजवर किती केलं, कुणाला वाईट वाटेल, या हिशोबानं माणूस निवडलंस तर आत पाहुणा येतो आणि यजमानपण तुझ्या गळ्यात पडतं. त्यापेक्षा तू एवढंच बघ, की कुणासमोर तुला नीट वागावं लागत नाही? बाळंत होताना बाई कण्हते, ओरडते, कपड्यांचं भान राहत नाही, उलटी होते, जोर देताना शीसुद्धा होते. हे सगळं नेहमीचं आहे, नर्सना त्याचं काही वाटत नाही. पण ‘हिला काय वाटेल’, ‘ह्याला किळस येईल का’ असा विचार जरी मनात डोकावला, तरी तू स्वतःला आवरायला लागशील. भीती आणि संकोच वाढला की शरीरात ॲड्रेनॅलिन हे ताणाचं संप्रेरक (हार्मोन) वाढतं, आणि ज्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकावर कळा चालतात त्याच्या ते आड येऊ शकतं. तेव्हा मोकळं वाटेल असं माणूस मागणं म्हणजे लाड नव्हेत. बाळंतपण नीट पुढे सरकायला ते लागतं.

सोबतीचा उपयोग खरंच होतो का, अशी शंका घरात कुणी काढली तर त्यांना सांग, की यावर बराच अभ्यास झाला आहे. वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१७ मध्ये १७ देशांतल्या २६ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, त्यात १५ हजारांहून जास्त बायका होत्या. ज्यांना सतत सोबत मिळाली त्यांच्यात सिझेरियन आणि चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून होणारी बाळंतपणं कमी आढळली, कळांचा काळ थोडा आखूड झाला आणि बाळंतपणाबद्दल मनात कडवटपणा कमी राहिला. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ च्या शिफारशींत प्रत्येक बाईला तिच्या पसंतीचं माणूस शेवटपर्यंत सोबत असावं असं म्हटलं आहे. ‘तिच्या पसंतीचं’ हे त्यात मुद्दाम आहे.

पण मला सगळ्यात जास्त आवडतो तो ह्यूस्टनमधल्या एका सार्वजनिक रुग्णालयातला अभ्यास, १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेला. पहिलटकरणींचे तीन गट होते. एका गटाजवळ धीर देणारी, स्पर्श करणारी, समजावून सांगणारी बाई सतत होती. त्यांच्यात सिझेरियनचं प्रमाण ८ टक्के होतं. ज्यांना असं कुणी नव्हतं त्यांच्यात १८ टक्के. आणि तिसऱ्या गटाच्या खोलीत एक निरीक्षक नुसती बसून टिपणं काढत होती, बोलत नव्हती, हात लावत नव्हती. तिथे १३ टक्के. एकाच रुग्णालयातले आकडे सगळीकडे जसेच्या तसे लागू पडणार नाहीत, हे खरं. तरी तुझ्या नवऱ्याला हे जरूर वाचून दाखव. ‘मला काही येत नाही, माझा काय उपयोग’ असं वाटणाऱ्या माणसाला यातून बळ मिळतं. नुसतं तिथे असणं, उठून न जाणं, यालाही किंमत आहे.

आता माझं मत स्पष्ट सांगते. तुझा पहिला सोबती नवरा असावा, बहीण बदली म्हणून बाहेर तयार असावी, आणि आईला लेबर रूममध्ये नेऊ नकोस. तू चौघांनाही ओळखतेस, मी फक्त पत्र वाचलं आहे, त्यामुळे तुला आतून वेगळं वाटत असेल तर माझं ऐकू नकोस. पण पत्रात नवऱ्याबद्दल तू लिहिलेली अडचण ही एकच अशी आहे की जिच्यावर दोन महिन्यांत काम करता येतं. आईचा स्वभाव आणि बहिणीचा दरारा दोन महिन्यांत बदलणार नाही.

रक्त बघून येणाऱ्या चकरेबद्दल आधी बोलू, कारण बहुतेक लोक तिला भित्रेपणा समजतात आणि माणूस उगाच शरमतं. अशा लोकांचा रक्तदाब रक्त दिसल्यावर आधी चढतो आणि मग एकदम उतरतो, नाडीही मंदावते, मेंदूला रक्त कमी पडतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून ‘दीर्घ श्वास घे, अंग सैल सोड’ हा सल्ला इथे उपयोगी पडत नाही, उलट स्नायू ताणावे लागतात. दंड, मांड्या आणि पोटाचे स्नायू एकदम आवळायचे, चेहरा गरम झाल्यासारखं वाटेपर्यंत, म्हणजे साधारण १० ते १५ सेकंद. मग वीस-तीस सेकंद नेहमीसारखं बसायचं, पुन्हा आवळायचे. असं पाच वेळा. रक्ताची भीती असलेल्यांना मानसोपचारतज्ज्ञ हेच शिकवतात. त्याने आत्तापासून रोज खुर्चीत बसून सराव करावा, म्हणजे त्या दिवशी आठवावं लागणार नाही. याआधी तो कधी पूर्ण बेशुद्ध पडला असेल तर एकदा डॉक्टरांना दाखवलेलं बरं.

बाकी सोपं आहे. त्याने उपाशी राहायचं नाही, पाणी पीत राहायचं, तुझ्या उशाशी बसायचं आणि तुझ्या चेहऱ्याकडे बघायचं. पायथ्याशी काय चाललं आहे ते बघायची त्याच्यावर सक्ती नाही. टाके घालताना तर अजिबात नाही. नर्सला आल्या आल्या सांगून ठेवायचं, ‘मला रक्त बघून चक्कर येते, खुर्ची लागेल.’ आणि अंधारी आलीच तर उभं राहून लपवायचं नाही, सरळ खाली बसायचं. तो पडला तर डॉक्टर-नर्सचं लक्ष तुझ्यावरून उडतं, एवढं त्याला पटलं की तो बसेल.

तयारीतला मोठा भाग म्हणजे काय घडणार आहे हे त्याला आधी माहीत असणं. सोबतीचं माणूस घाबरतं ते बहुतेक वेळा नेहमीच्याच गोष्टींना. सुरुवातीचा टप्पा लांबतो, पहिल्या वेळी तर बऱ्याचदा खूपच. कळा येतात, जातात, मंदावतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने गर्भपिशवीचं तोंड ५ सेंटिमीटर उघडेपर्यंत हाच टप्पा धरतात, आणि त्याला किती वेळ लागावा याचं काही ठरलेलं माप नाही. पुढचा जोराचा टप्पा पहिलटकरणीत साधारण १२ तासांच्या आत संपतो. ‘दोन तास झाले, काहीच पुढे सरकलं नाही’ असं कुणी म्हटलं की त्याने हे आठवायचं. आणि तोंड पूर्ण उघडायच्या सुमाराला तुला कापरं भरेल, उलटी होईल, तू म्हणशील, ‘मला नाही जमणार, मला घरी जायचंय.’ नेमक्या त्या वेळी सोबतीचं माणूस सगळ्यात जास्त हादरतं. खरं तर ही वेळ बऱ्याचदा शेवट जवळ आल्याची असते. त्याने तेव्हा वाद घालायचा नाही, ‘असं काय करतेस’ म्हणायचं नाही. ‘मी इथेच आहे. ही एक कळ जाऊ दे,’ एवढंच. पुढच्या कळेला पुन्हा तेच.

याची तालीम करता येते, आणि नुसत्या बोलण्यापेक्षा तालमीचा फार उपयोग होतो. तू हातात बर्फाचा खडा धर, त्याने घड्याळात एक मिनिट मोजावं. जोराची कळ साधारण तेवढीच असते. एकदा गप्प बसून धर, एकदा तो बोलत असताना, एकदा तो तुझ्या खांद्यावर हात ठेवून बरोबर श्वास घेत असताना. कशाने सोसणं सोपं जातं ते तुमचं तुम्हाला कळेल. मग कंबर. कळ येताना माकडहाडाच्या वर, कंबरेच्या खालच्या सपाट हाडावर तळहाताने सरळ, भरपूर दाब द्यायचा. चोळायचं नाही, दाबून धरायचं. बहुतेक नवरे फार हलका हात ठेवतात, म्हणून किती जोर हवा ते तूच सांग. भिंतीला टेकून उभं राहणं, त्याच्या गळ्यात हात टाकून लोंबकळल्यासारखं झुकणं, गुडघे टेकून पुढे उशीवर रेलणं, हे सगळं एकदा-दोनदा करून बघा. काही अडचण नसेल तर कळांच्या काळात चालणं-फिरणं आणि उभं-बसतं राहणं चांगलं मानतात, मालीश आणि कोमट शेकही चालतो. पण घरी जे आवडलं ते त्या दिवशी नकोसं होऊ शकतं. म्हणून एक खूण ठरवा. तू तळहात वर केलास की हात काढायचा, बोलणं थांबवायचं, आणि रुसायचं नाही.

त्याच्या लक्षात राहायला हवीत अशी लहान कामं तीन-चारच आहेत. दर दोनेक तासांनी तुला लघवीला जायची आठवण करणं, कारण भरलेलं मूत्राशय बाळाच्या वाटेत येतं. दोन कळांच्या मध्ये पाण्याचा घोट पुढे करणं, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर. तासन्तास एकाच स्थितीत पडून राहू न देणं. खोलीत मोठ्यानं गप्पा, फोन, दिवे असतील तर कमी करायला सांगणं.

डॉक्टर काही करायला सांगतील तेव्हा त्याने भांडायचं नाही आणि माना डोलवायच्याही नाहीत. शांतपणे विचारायचं: आत्ता हिला आणि बाळाला काही धोका आहे का? थोडं थांबलं तर काय होईल? दुसरा काही मार्ग आहे का? उत्तर आलं की ते तुला दोन कळांच्या मध्ये सोप्या शब्दांत सांगायचं आणि निर्णय तुझ्याकडून घ्यायचा. शरीर तुझं, संमती तुझी. हे मी जोर देऊन लिहिते, कारण चांगले, काळजी करणारे नवरेसुद्धा तिथे बायकोच्या वतीने बोलायला लागतात. आणि घाईची वेळ असेल, डॉक्टर धावायला लागले असतील, तर प्रश्न नंतर. तेव्हा बाजूला व्हायचं आणि तुझ्या नजरेसमोर राहायचं.

वेदना कमी करणाऱ्या इंजेक्शनबद्दल, एपिड्युरलबद्दल (पाठीतून औषध देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात त्याबद्दल) तू आज काहीही ठरवलं असलंस तरी त्या दिवशी बदलू शकतेस. ‘तूच तर नको म्हणाली होतीस’ हे वाक्य त्याच्या तोंडून येणार नाही असं वचन घेऊन ठेव. सोबत म्हणजे ठरलेल्या बेताची राखण नव्हे.

बहिणीकडे येऊ. तिला बदली ठेव म्हटलं, कारण रात्रभर जागलेलं माणूस सकाळी उपयोगाचं राहत नाही आणि नवऱ्याला तासभर झोप, आंघोळ, खाणं लागेलच. तिचा धीटपणा तेव्हा मोलाचा आहे. पण तिच्याशी आधी बोल, आणि गोलमाल बोलू नकोस. ‘ताई, तू आत आलीस की मला बरं वाटेल. फक्त एक कर, तुझ्या वेळी काय झालं ते तेव्हा सांगू नकोस, आणि मी काय करावं ते माझ्याऐवजी ठरवू नकोस. मी विचारलं तर सांग.’ तुझं तिच्यापुढे चालत नाही असं तू लिहितेस. हे वाक्य आत्ता, दोन महिने आधी तिच्यासमोर म्हणता आलं तर ती बदली म्हणून चालेल. नाहीच म्हणता आलं, तर ती बदलीसुद्धा नको, एखादी शांत मैत्रीण बघ. हल्ली प्रशिक्षित डूलाही असतात. त्या तपासणी किंवा उपचार करत नाहीत, फक्त सोबत आणि मदत करतात. बदली कुणीही असो, हॉस्पिटलला आधी विचारून ठेव.

आणि आई. तुझ्या प्रश्नातला हाच खरा अवघड भाग आहे, हे मला कळतं.

तिला हॉस्पिटलच्या नियमाची ढाल पुढे करू नकोस. माणूस बदलता येतं हे तिला कळणारच, मग तुला तेच सगळं पुन्हा सांगावं लागेल, आणि तेव्हा ते खोटं बोलल्यावर सांगावं लागेल. नवऱ्याला सांगायला लावू नकोस. आपल्या आईला आपण सांगायचं, सासूबाईंना त्याने. फोनवर नको, चार लोकांत नको. तिच्याजवळ बस आणि जे खरं आहे ते सांग: ‘आई, तू समोर असलीस की माझं सगळं लक्ष तुझ्याकडे जातं. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं की मला माझं दुखणं लपवावंसं वाटतं. त्या दिवशी मला काही लपवायचं नाहीये. म्हणून आत तो थांबेल. बाळ झालं की सगळ्यात आधी मला तू हवी आहेस.’

ती रडेल. रडू दे. त्या क्षणी तिची समजूत घालायला जाऊन निर्णय फिरवू नकोस, नाहीतर लेबर रूममध्ये जे होईल अशी तुला भीती आहे तेच आत्ताच होऊन जाईल. दोन दिवस जाऊ देत. मग कधीतरी तिला विचार, तू माझ्या वेळी बाळंत झालीस तेव्हा सोबत कोण होतं? पुष्कळ आया त्या खोलीत एकट्या होत्या, कुणी त्यांच्यावर ओरडलं होतं, कुणी काही सांगितलं नव्हतं. ‘तुझ्याजवळ मीच असणार’ हा हट्ट कधी कधी तिथून आलेला असतो. तिला ते बोलता आलं, आणि तू एकटी नसणार याची खात्री पटली, तर हट्टाची गाठ थोडी सैल होते. होईलच असं नाही. ती महिनाभर रुसली तरी तुझं चुकलं असं समजू नकोस.

बाळ झाल्यावर तिच्यासाठी ठेवलेलं काम खोटं-खोटं नको. पहिले काही आठवडे झोप तुटते, टाके दुखतात, बाळाला अंगावर पाजणं जमेपर्यंत रडकुंडीला यायला होतं. तेव्हा रात्री दोन तास बाळ सांभाळणारं माणूस लेबर रूममधल्या माणसाइतकंच लागतं. तिला आत्ताच ते सांगून ठेव, आणि कुठल्या रात्री, कुठल्या वेळा, ते ठरवूनच टाक.

सासूबाईंचं गप्प राहणं म्हणजे राग असेलच असं धरू नकोस. कदाचित त्या मध्ये पडायचं नाही म्हणूनच गप्प असतील. नवऱ्याने त्यांना सरळ विचारावं. त्यांना चालत असेल तर नातेवाइकांना निरोप देण्याचं आणि फोन घेण्याचं काम त्यांच्याकडे द्या. म्हणजे आत बसलेल्याचा फोन बंद राहील. हे काम वाटतं त्याहून मोठं आहे.

दोन गोष्टी नवरा आणि बहीण दोघांनाही पाठ हव्यात. घरी असताना अंगावरून रक्त जायला लागलं, पाणमोट फुटून पाणी हिरवट किंवा तपकिरी आलं, बाळाची हालचाल कमी झाली, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे धूसर दिसायला लागलं, किंवा पोट दोन कळांच्या मध्ये सैल न पडता सतत दुखत राहिलं, तर कळा मोजत बसायचं नाही, लगेच हॉस्पिटलला फोन करून निघायचं. आणि बाळ झाल्यावर सगळे बाळाकडे बघत असताना एकानं तुझ्याकडे बघायचं. रक्तस्राव वाढतोय, तुला गरगरतंय, तू पांढरी पडतेस असं वाटलं तर नर्सला तिथल्या तिथे सांगायचं, संकोच न करता.

पुढच्या तपासणीला नवऱ्याला घेऊन जा आणि हे विचारून घ्या: सोबतीचं माणूस जोर देण्याच्या वेळीही आत राहू शकतं का, की बाहेर काढतात? माणूस बदलायला किती वेळा परवानगी आहे? सिझेरियन करावं लागलं तर कुणी आत येऊ शकतं का? सगळं ठीक असेल तर बाळाला पहिला तासभर माझ्या छातीवर उघड्या अंगाला ठेवता का? आणि बाळाला तपासायला दुसऱ्या खोलीत न्यावं लागलं तर त्याच्याबरोबर घरचं कुणी जाऊ शकतं का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तर घरी येताच ठरवून टाका. नवरा बाळामागे जाईल, बहीण तुझ्याजवळ येईल. ऐन वेळी नवरा दारात उभा राहून इकडे बघू की तिकडे असं होतं, आणि तेवढा वेळ तू एकटी पडतेस.

तुझी ताई